बालाहार व ॲलर्जीजन्य नासाशोथ : संकल्पनेचा इतिहास

परागकण, घरातील धुळीत वाढणारे सूक्ष्म माइट, बुरशीची बीजुके, पाळीव प्राण्यांच्या अंगावरील कोंडा यांसारखे एरवी निरुपद्रवी असणारे पदार्थ श्वासावाटे आत गेल्यावर काही व्यक्तींच्या नाकातील श्लेष्मकलेस (बुळबुळीत अस्तरास) सूज येते. एकामागून एक शिंका येतात, नाकातून पाण्यासारखा स्राव वाहतो, नाक चोंदते आणि नाकाडोळ्यांना खाज सुटते. या विकारास ॲलर्जीजन्य नासाशोथ म्हणतात. विशिष्ट ऋतूत गवताच्या किंवा वृक्षांच्या परागांमुळे उद्‌भवणारा त्याचा प्रकार परागज्वर वा गवतज्वर या नावाने ओळखला जातो. नावात ज्वर असला, तरी ताप हे त्याचे लक्षण नव्हे. हा विकार बहुधा बालपणात किंवा पौगंडावस्थेत सुरू होतो. त्यामुळे मूल लहानपणी काय खाते, किंवा त्याला काय खाऊ दिले जात नाही, यावर पुढे त्याच्या नाकाची स्थिती अवलंबून असते काय, हा प्रश्न वैद्यकात शंभर वर्षे चर्चिला जात आहे. त्याला निरनिराळ्या काळी दिली गेलेली उत्तरे परस्परविरोधी आहेत आणि त्यांतील काहींचे परिणाम लक्षावधी मातांना व मुलांना रोजच्या जेवणात भोगावे लागले.

विशिष्ट अन्न विशिष्ट माणसाला सोसत नाही, ही जाणीव जुनी आहे. मराठीतील ‘वावडे’ हा शब्द नेमक्या याच अर्थाचा आहे. मात्र नाकाच्या विकाराची ओळख स्वतंत्रपणे व बरीच उशिरा झाली. इंग्रज वैद्य जॉन बॉस्टक (१७७३–१८४६) यांनी १८१९ मध्ये लंडनच्या एका वैद्यकसभेपुढे दर उन्हाळ्यात डोळे व छाती यांना होणाऱ्या त्रासाचे वर्णन वाचले. वर्णनातील रुग्ण ते स्वतःच होते व हा त्रास त्यांना वयाच्या आठव्या वर्षापासून होता. त्यांनी करून पाहिलेल्या उपायांच्या लांबलचक यादीत रक्त काढणे, रेचके, अफू, पारा, थंड पाण्याचे स्नान यांबरोबर मिताहाराचाही समावेश आहे. यांपैकी कशाचाही विशेष उपयोग झाला नाही. पुढे मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅक्ली यांनी स्वतःवर प्रयोग करून आणि पतंगांच्या साहाय्याने उंचावरील हवेतील पराग गोळा करून १८७३ मध्ये हा विकार गवताच्या परागांमुळे होतो, असे दाखवून दिले. परागांच्या सान्निध्यात सर्वाधिक राहणाऱ्या शेतकऱ्यांना हा विकार क्वचितच होतो, तो मुख्यतः शहरी सुशिक्षितांचा आहे, हे ब्लॅक्ली यांचे निरीक्षण त्या वेळी एक चमत्कारिक अपवाद मानले गेले. ते किती महत्त्वाचे होते हे कळण्यास सव्वाशे वर्षे लागली.

व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फोन पीर्के यांनी १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ ही संज्ञा घडविली. एखाद्या पदार्थाशी पूर्वी संबंध आल्यामुळे शरीराच्या प्रतिसादात होणारा बदल, मग तो हितकारक असो वा अहितकारक, असा तिचा मूळ व्यापक अर्थ होता. आज रूढ असलेला अर्थ त्याहून पुष्कळच संकुचित आहे. येथे नमूद करण्याजोगी गोष्ट अशी की, हेच पीर्के पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीत सापडलेल्या ऑस्ट्रियातील मुलांच्या अन्नदानाच्या अमेरिकन मदतकार्याचे सूत्रधार होते व दुधाच्या पोषणमूल्यावर आधारलेली आहारमापनाची एक पद्धतीही त्यांनी बसविली होती. तथापि त्यांच्या कामाच्या या दोन शाखा एकमेकींना येऊन मिळाल्या नाहीत.

नाक व अन्न यांचा शास्त्रीय पातळीवर पहिला संबंध ब्रेस्लौ (आताचे पोलंडमधील व्ह्‌रॉत्स्वाफ) येथे आला. हाइन्‍स क्यूस्टनर यांना मासे वर्ज्य होते, तर त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्स यांना परागज्वर होता. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्राउस्निट्स यांनी क्यूस्टनर यांचा रक्तरस स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतला व दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेव्हा तेथे गांध उठली. म्हणजे अतिसंवेदनशीलता निर्माण करणारा घटक रक्तरसात असतो व तो दुसऱ्याच्या शरीरात नेता येतो, हे सिद्ध झाले. अन्नाची ॲलर्जी व परागज्वर या दोहोंच्या मुळाशी एकाच जातीचा प्रतिपिंड असावा, ही समजूत यातून दृढ झाली. प्रत्यक्षात तो प्रतिपिंड, इम्युनोग्लोब्युलिन-ई, अमेरिकेत इशिझाका दांपत्याने व स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिक यांनी १९६६-६७ च्या सुमारास स्वतंत्रपणे ओळखला व १९६८ मध्ये त्याचे नामकरण झाले. मधल्या काळात वैद्यकाने एक तर्क सरसकट स्वीकारला होता. तो असा : घटक एकच असेल, तर तान्ह्या मुलाच्या पोटात परके प्रथिन गेल्याने शरीराला जी सवय लागते, तीच पुढे दम्यात व नाकाच्या विकारात प्रकट होत असली पाहिजे.

या तर्कास दैनंदिन अनुभवाचाही आधार होता. ज्या अर्भकांना इसब होतो, त्यांच्यापैकी अनेकांना पुढे अन्नाची ॲलर्जी, दमा व शालेय वयात नासाशोथ होतो, हा क्रम बालरोगतज्ज्ञांच्या पाहण्यात होता. शिकागो येथील ग्रुली व सॅनफोर्ड यांनी वीस हजारांहून अधिक अर्भकांची पाहणी करून १९३६ मध्ये असे दाखविले की, गाईच्या दुधावर वाढविलेल्या बालकांत इसबाचे प्रमाण अंगावरच्या दुधावर वाढणाऱ्या बालकांच्या सुमारे सातपट होते. त्याच दशकात कॅलिफोर्नियातील ॲल्बर्ट रो यांनी संशयित पदार्थ क्रमाने वगळून आहार आखण्याची पद्धत प्रचारात आणली आणि बारमाही वाहणाऱ्या नाकाच्या अनेक रुग्णांत दोष अन्नाचाच असतो, असे आग्रहाने मांडले. ग्रुली व सॅनफोर्ड यांचा निष्कर्ष त्वचेच्या विकारासंबंधी होता, नाकासंबंधी नव्हे, हा भेद पुढील पिढीच्या लेखनात बहुधा गळून पडला.

यानंतरचे पाऊल प्रतिबंधाचे होते. जेरोम ग्लेझर व डग्लस जॉन्स्टन यांनी १९५३ मध्ये ॲलर्जीचा कौटुंबिक इतिहास असलेल्या अर्भकांना जन्मापासून गाईच्या दुधाऐवजी सोयाबीनचे दूध देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. अशा मुलांत पुढे ॲलर्जीचे विकार कमी झाले, असा त्यांचा निष्कर्ष होता. जॉन्स्टन व डटन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घकालीन निरीक्षणात तर दमा आणि बारमाही नासाशोथ या दोहोंचेही प्रमाण सोयाबीनवर वाढलेल्या मुलांत कमी दिसले. नाकाविषयीचा हा पहिला थेट पुरावा असल्याने त्याचा बोलबाला झाला. पण १९७३ मध्ये हॅल्पर्न व सहकाऱ्यांनी १,७५३ मुलांची तुलना केली, तेव्हा अंगावरचे दूध, सोयाबीनचे दूध व गाईचे दूध यांवर वाढलेल्या मुलांत ॲलर्जीच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. स्वीडनमध्येही १९७९ मध्ये सोयाबीनचा असा उपयोग दिसून आला नाही. सोयाबीनचा प्रश्न येथे जवळजवळ संपला. वर्जनाची कल्पना मात्र संपली नाही.

स्तनपानाचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. हेलसिंकी येथे १९७५ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या एका गटाचा सारिनेन व काजोसारी यांनी पाठपुरावा केला आणि १९७९ मध्ये दीर्घ स्तनपान हे ॲलर्जीपासून संरक्षण देते, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. याच गटातील १५० मुलांचे सतराव्या वर्षापर्यंतचे निरीक्षण १९९५ मध्ये पुढे आले व अत्यल्प काळ अंगावर पाजलेल्या मुलांत ॲलर्जीचे प्रमाण सर्वांत अधिक असल्याचे त्यातही दिसले. याच्या नेमके उलट चित्र न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथील १९७२-७३ मधील १,०३७ बालकांच्या गटात आढळले. तेथे चार आठवडे वा अधिक काळ अंगावर प्यालेली मुले पुढे मांजर, धुळीतील माइट व गवताचे पराग यांना अधिक संवेदनशील झाल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही पाहण्या काळजीपूर्वक केलेल्या होत्या. दोन्हींची अडचणही एकच होती : कोणती आई किती काळ पाजते, हे संशोधक ठरवीत नव्हते. घरात दमा किंवा परागज्वर असलेल्या माता मुलांना मुद्दाम अधिक काळ पाजत असतील, तर स्तनपान व ॲलर्जी एकत्र दिसणारच. ही अडचण बेलारूसमध्ये बऱ्याच अंशी दूर झाली. तेथे ३१ प्रसूतिरुग्णालयांची यदृच्छ विभागणी करण्यात आली व त्यांपैकी काहींत मातांना स्तनपानासाठी विशेष साहाय्य देण्यात आले. १७,०४६ माता-बालकांच्या या प्रयोगात स्तनपानाचा कालावधी खरोखरच वाढला. परंतु साडेसहा वर्षांनी दमा, इसब किंवा परागज्वर यांचे प्रमाण घटलेले आढळले नाही (२००७). स्तनपानाचे इतर लाभ निर्विवाद असल्याने या निष्कर्षाकडे तज्ज्ञांनी काहीशा अनिच्छेनेच पाहिले. प्रयोगाचे प्रमाण पाहता तो डावलणे मात्र कठीण आहे.

१९८० नंतर वर्जनाची चळवळ सर्वांत प्रबळ झाली. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे रॉबर्ट झायगर यांनी केलेला प्रयोग तिचा उत्कृष्ट नमुना होय. मातेने गरोदरपणाच्या अखेरच्या काळात व पाजत असताना दूध, अंडी, शेंगदाणे टाळावयाचे. मुलालाही हे पदार्थ उशिरा द्यावयाचे. आणि अशा मातांची व मुलांची तुलना नेहमीप्रमाणे खाणाऱ्यांशी करावयाची, अशी त्याची आखणी होती. पहिल्या एकदोन वर्षांत वर्जन करणाऱ्या गटात अन्नाची ॲलर्जी व इसब कमी दिसले. परंतु १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या वर्षाच्या तपासणीत नासाशोथ, दमा व परागांविषयीची संवेदनशीलता यांत दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. नाकाच्या दृष्टीने हा निकाल पुरेसा स्पष्ट होता. तरीही १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये ॲलर्जीग्रस्त कुटुंबांतील मातांनी गरोदरपणी व स्तनपानाच्या काळात शेंगदाणे टाळावेत व मुलांना ते तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत, असा अधिकृत सल्ला देण्यात आला. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० मध्ये अधिक धोका असलेल्या मुलांसाठी गाईचे दूध एक वर्षानंतर, अंडी दोन वर्षांनंतर आणि शेंगदाणे, कवचफळे व मासे तीन वर्षांनंतर देण्याची शिफारस केली. या वयमर्यादा प्रयोगांतून निघालेल्या नव्हत्या. त्या सावधगिरीच्या अंदाजाने ठरविलेल्या होत्या. मूळ शिफारस अधिक धोका असलेल्या बालकांपुरती असली, तरी व्यवहारात ती सर्वच घरांतून पाळली जाऊ लागली.

आश्चर्य असे की, या मताला छेद देणारा प्रयोग १९११ पासूनच उपलब्ध होता. त्या वर्षी वेल्स व ऑस्बर्न यांनी दाखविले होते की, गिनीपिगांना मक्याचे प्रथिन आधी खाऊ घातले असता तेच प्रथिन नंतर टोचल्यावर होणारी घातक प्रतिक्रिया टळते. अन्नमार्गाने आलेल्या परक्या प्रथिनाला सोसावयास शरीर शिकते, या घटनेस पुढे मौखिक सह्यता असे नाव मिळाले. प्रतिरक्षाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत तिचा उल्लेख असे. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मात्र ती पोहोचली नव्हती. लंडन येथील गिडीअन लॅक यांनी २००८ मध्ये दोन मार्गांचा सिद्धांत मांडला : फुटलेल्या, इसबग्रस्त त्वचेतून शिरलेले अन्नकण ॲलर्जी निर्माण करतात, तर तेच कण वेळेवर पोटात गेले तर सह्यता येते. त्याच वर्षी लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील व इझ्राएलमधील ज्यू मुलांची तुलना प्रसिद्ध केली. ब्रिटनमधील मुलांत शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे प्रमाण १·८५ टक्के, तर इझ्राएलमधील मुलांत ०·१७ टक्के होते. इझ्राएलमध्ये शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ तान्ह्या वयापासून दिला जातो. ज्या महाराष्ट्रात शेंगदाण्याचा कूट रोजच्या भाजी-कोशिंबिरीत पडतो, तेथील वाचकास या तुलनेचे फारसे नवल वाटणार नाही. यावर आधारलेला ६४० अर्भकांवरील यदृच्छ प्रयोग २०१५ मध्ये पूर्ण झाला. आरंभी त्वचाचाचणी नकारात्मक असलेल्या अर्भकांपैकी शेंगदाणे टाळणाऱ्यांत पाचव्या वर्षी १३·७ टक्के, तर नियमित खाणाऱ्यांत १·९ टक्के मुलांना ॲलर्जी आढळली. तत्पूर्वीच अमेरिकन अकादमीने २००८ मध्ये व ब्रिटनने २००९ मध्ये वर्जनाचा सल्ला मागे घेतला होता. एका पिढीला जे टाळावयास सांगितले, ते टाळल्यानेच काही मुलांचे नुकसान झाले असण्याची शक्यता आता मान्य करणे भाग पडले.

या यशाची मर्यादाही तितकीच बोधप्रद आहे. याच प्रयोगातील मुलांचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण पाहता, लवकर शेंगदाणे खाल्ल्याने शेंगदाण्याचीच ॲलर्जी टळली. नासाशोथ, दमा व इसब यांच्या प्रमाणात फरक पडला नाही. सह्यता ही त्या त्या प्रथिनापुरती असते, आणि नाकाला त्रास देणारी प्रथिने पोटातून नव्हे तर हवेतून येतात. एकाच प्रतिपिंडावरून बांधलेला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील तर्क येथे तोकडा पडतो. त्यामुळे बालाहाराचा नाकाशी काही संबंध असेलच, तर तो एखादा पदार्थ टाळण्या-देण्याचा नसून एकूण आहाराच्या स्वरूपाचा असावा, असे मत पुढे आले.

या दुसऱ्या विचारधारेचा उगम परागज्वर वाढत का आहे, या प्रश्नात होता. डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ मध्ये मार्च १९५८ मधील एका आठवड्यात जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांची माहिती अभ्यासून असे दाखविले की, घरात जितकी मोठी भावंडे अधिक, तितका परागज्वर कमी. त्यांनी याचे कारण लहानपणीच्या संसर्गात शोधले. आहाराकडे लक्ष वेधण्याचे काम ॲबर्डीनचे अँथनी सीटन यांनी १९९४ मध्ये केले. ताज्या फळाभाज्यांचा वापर कमी झाल्याने श्वसनमार्गाचे संरक्षण करणारी ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये घटली, हे त्यांचे स्पष्टीकरण होते. ब्लॅक व शार्प यांनी १९९७ मध्ये लोण्याऐवजी मार्गारीन व वनस्पती तेले आणि तेलकट माशांचा ऱ्हास यांवर बोट ठेवले. पूर्व जर्मनीतील लाइपसिक येथील नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांत परागज्वराचे प्रमाण १९९१-९२ मध्ये २·३ टक्के होते, ते १९९५-९६ मध्ये ५·१ टक्के झाले. एवढ्या अल्पकाळात आनुवंशिकता बदलत नाही, राहणी बदलते. मात्र जर्मनीच्या एकीकरणानंतर आहाराबरोबरच घरे, मोटारी आणि कौटुंबिक जीवनही बदलले होते, त्यामुळे यातून आहाराचा वाटा वेगळा काढता येत नाही.

आहाराच्या स्वरूपासंबंधीचा सर्वांत उल्लेखनीय पुरावा क्रीट बेटाच्या ग्रामीण भागातून आला. लेडा हाट्झी व सहकाऱ्यांनी सात ते अठरा वर्षांच्या ६९० मुलांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध केली. द्राक्षे, संत्री, सफरचंदे व ताजे टोमॅटो नियमित खाणाऱ्या मुलांत नासाशोथाची लक्षणे व छातीतील घरघर कमी, तर मार्गारीन वारंवार खाणाऱ्यांत दोन्ही अधिक आढळली. ऑलिव्ह तेल, फळे, भाज्या, कडधान्ये व मासे यांचा पारंपरिक भूमध्यसागरी आहार काटेकोरपणे पाळणाऱ्या मुलांत नासाशोथ विशेष कमी होता. ही पाहणी एकाच वेळची होती, म्हणजे आधी आहार की आधी विकार, हे तीवरून सांगता येत नाही. सफरचंदाच्या बाबतीत तर हा आक्षेप मोलाचा आहे. उत्तर व मध्य युरोपात बर्च वृक्षाच्या परागांची ॲलर्जी असलेल्या अनेकांना कच्चे सफरचंद वा हेझलनट खाताच ओठ व घसा खाजतो, कारण परागांतील व या फळांतील प्रथिने सारखी असतात. असे मूल सफरचंद टाळते. मग पाहणीत सफरचंद न खाणाऱ्यांत परागज्वर अधिक दिसतो. पण त्या ठिकाणी नाकाने आहार बदललेला असतो, आहाराने नाक नव्हे. क्रीटमध्ये बर्च जवळजवळ नसल्याने तेथील निष्कर्षास ही शंका फारशी लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे.

मुलांतील दमा व ॲलर्जी यांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीने हा प्रश्न जगभर नेला. तिच्या पहिल्या टप्प्यात ५६ देशांतील १५५ केंद्रांमधून तेरा-चौदा वर्षांच्या ४,६३,८०१ मुलांची माहिती गोळा झाली. पुणे, मुंबई व अकोला ही महाराष्ट्रातील केंद्रे तीत होती. या वयात नाक व डोळे यांच्या ॲलर्जीचे प्रमाण काही केंद्रांत १·४ टक्के, तर काहींत ३९·७ टक्के इतके भिन्न होते. ज्या देशांत धान्ये, तांदूळ व भाज्या यांचा दरडोई वापर अधिक, तेथे लक्षणे कमी, असे २००१ मध्ये मांडण्यात आले. पुढील टप्प्याच्या २०१३ मधील विश्लेषणात आठवड्यातून तीन वा अधिक वेळा झटपट तयार मिळणारे बाजारी पदार्थ खाणाऱ्या मुलांत तीव्र लक्षणांचे प्रमाण जास्त, तर फळे खाणाऱ्यांत कमी दिसले. महाराष्ट्रात सर्दी होऊ नये म्हणून मुलांना दही, केळे, सीताफळ देण्याचे टाळतात. या समजुतीचा उगम निराळा आहे. चरकसंहितेत प्रतिश्यायाच्या कारणांत धूळ, धूर, ऋतूतील बदल, अजीर्ण व अतिशीत पाणी यांची गणना आहे. तथापि प्रतिश्याय या संज्ञेत साधे पडसेही येते, म्हणून तिचे ॲलर्जीजन्य नासाशोथाशी सरसकट समीकरण मांडता येत नाही. फळांचे असे वर्जन वरील पाहणीच्या निष्कर्षांच्या विरुद्ध जाते, एवढे मात्र खरे.

माशांविषयी पुराव्यात बरेच सातत्य आहे. ऑस्लो येथे २००३ मध्ये व स्टॉकहोम येथे ४,०८९ मुलांच्या पाठपुराव्यात २००६ मध्ये असे आढळले की, पहिल्या वर्षात मासे खाऊ लागलेल्या मुलांत चौथ्या वर्षी नाकाची ॲलर्जी कमी होती. स्वीडिश संशोधकांनी पहिल्याच वर्षात इसब वा घरघर झालेली मुले बाजूला काढूनही पडताळा घेतला, कारण अशा मुलांना आईवडील मासे उशिरा देतात. फिनलंडमध्येही २०१० मध्ये मासे लवकर सुरू करण्याचा संबंध कमी नासाशोथाशी दिसला. परंतु सिडनी येथील ६१६ बालकांवरील यदृच्छ प्रयोगात माशाच्या तेलातील मेदाम्ले पूरक म्हणून दिल्याने पाचव्या वर्षी दमा किंवा ॲलर्जी यांत काहीही घट झाली नाही. मासा व त्याचे तेल एकच नव्हे, किंवा मासे लवकर देणारी घरे इतर बाबतींतही वेगळी असतात, असे दोन अर्थ यातून निघू शकतात.

ब्लॅक्ली यांच्या शेतकऱ्यांकडे संशोधक अखेरीस वळले, तेही दुधाच्याच निमित्ताने. ऑस्ट्रिया, जर्मनी व स्वित्झर्लंड यांच्या ग्रामीण भागातील ८१२ मुलांच्या पाहणीत (२००१) पहिल्या वर्षात गोठ्यात वावरलेल्या व गोठ्यातील दूध प्यालेल्या मुलांपैकी ३ टक्क्यांना, तर इतरांपैकी १३ टक्क्यांना परागज्वर आढळला. पुढे २०११ मध्ये हा लाभ कच्च्या दुधाशी निगडित असून गोठ्यातीलच परंतु उकळलेल्या दुधाशी नाही, असे दिसून आले. दुधातील एकूण जंतुसंख्येशी त्याचा संबंध आढळला नाही. दम्याच्या बाबतीत मात्र उष्णतेने बिघडणाऱ्या पाण्यातील प्रथिनांशी (दूध नासल्यावर उरणाऱ्या निवळीतील प्रथिनांशी) तो जुळला. कच्च्या दुधातून क्षय, ब्रूसेलोसिस व इतर घातक संसर्ग होऊ शकतात. म्हणून ते मुलांना द्यावे, असे कोणीही जबाबदार संशोधक म्हणत नाही. भारतीय घरांतून दूध तापविण्याची पद्धत याच कारणाने योग्य ठरते.

अन्नाच्या विविधतेसंबंधी फिनलंडमधील ३,१४२ मुलांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वाढदिवसापर्यंत ज्यांच्या आहारात कमी प्रकारचे पदार्थ आले होते, त्यांना पाचव्या वर्षी दमा व ॲलर्जीजन्य नासाशोथ होण्याचा संभव अधिक होता. येथेही आजारी वा ॲलर्जीच्या भीतीने जपलेल्या मुलांचा आहार मुळातच मर्यादित असतो, ही शंका पूर्णतः फिटत नाही. त्याच देशाने मात्र तोवर धोरण बदलले होते. २००८ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय कार्यक्रमात वर्जनाऐवजी सह्यता वाढविण्यावर भर दिला गेला आणि खात्रीचे निदान असल्याखेरीज पदार्थ वगळू नयेत, असे डॉक्टर, परिचारिका व शाळा यांना शिकविण्यात आले. दहा वर्षांत पाळणाघरे व शाळांमधील ॲलर्जीसाठीचे वेगळे जेवण सुमारे निम्म्यावर आले. नासाशोथाचे प्रमाण या काळात घटले नाही. अनेक दशके चाललेली त्याची वाढ मात्र थांबल्याचे दिसले.